सरपंचाला ग्रामसभा, आमदाराला फ्लेक्स

महाराष्ट्रातल्या सरपंचाला आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेसे कारण नसताना त्यातली एखादी चुकवली, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ नुसार त्याच्या पदावर गदा येऊ शकते. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो, घरकुलाच्या याद्या वाचल्या जातात, कोणीतरी मागून उठून "मागच्या ठरावाचं काय झालं?" असे विचारतो, आवाज चढतात, कधी कोरमअभावी सभा तहकूब होते. हे सारे हजार-दोन हजार वस्तीच्या गावासाठी. त्याच गावाचा आमदार सव्वातीन-साडेतीन लाख मतदारांच्या वतीने विधानसभेत बसतो. त्याने पाच वर्षांत एकदाही मतदारांपुढे उभे राहून सभागृहात काय केले ते सांगितले नाही, तर कोणते कलम मोडते? एकही नाही. अनुच्छेद १८८ प्रमाणे तो शपथ घेतो, अनुच्छेद १९४ प्रमाणे त्याला विशेषाधिकार मिळतात आणि दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदीने, तो पक्षाला बांधलेला असतो. मतदाराला हिशेब देण्याची सक्ती मात्र कुठेही लिहिलेली नाही.

आता कोणी म्हणेल, आमदार काय कमी सांगतात? चौकाचौकांत फ्लेक्स आहेत, गावागावांत व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत, रोज दोन-तीन रील येतात, आणि मुदत संपत आली की गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल घरपोच मिळतो. हे खरेच आहे. असा एखादा अहवाल हाताशी असेल तर उघडून बघा. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीची भिंत, व्यायामशाळेचे साहित्य, भूमिपूजन, लोकार्पण. प्रत्येक पानावर साहेब कुदळ मारताहेत किंवा फीत कापताहेत. विधिमंडळाच्या वाट्याला आले तर एक पान येते, त्यावर सभागृहात हात उंचावून बोलतानाचा फोटो आणि खाली 'विधानसभेत जनतेचा आवाज' अशी ओळ. तो आवाज नेमके काय बोलला आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे त्या पानावर सापडत नाही.

आकडे शेजारीशेजारी ठेवले की हा प्रकार किती उफराटा आहे ते कळते. आमदाराला स्थानिक विकास कार्यक्रमाखाली वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, म्हणजे दोन्ही सभागृहांचे ३६६ सदस्य धरले तर ही रक्कम १,८३० कोटी होते. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींच्या घरातला. म्हणजे ज्या पैशाच्या हिशेबासाठी एवढे फ्लेक्स लागतात, तो एकूण खर्चाच्या सुमारे पाव टक्का आहे. उरलेल्या पावणेशंभर टक्क्यांना मंजुरी देण्याचे कामही याच आमदारांचे. जुलै २०२४ मध्ये ९४ हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या. त्यावर आमच्या आमदारांनी तोंड उघडले का, मागणीची रक्कम कमी करा अशी एखादी कपात सूचना दिली का, आपल्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या ग्रामीण रुग्णालयाचा विषय त्या निमित्ताने काढला का? पेव्हर ब्लॉकची लांबी-रुंदी सांगणारा अहवाल यावर गप्प असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की रस्ता, गटार, दिवे यांसाठी ग्रामपंचायत आहे, नगरपालिका आहे, जिल्हा परिषद आहे. कायदा करणे, राज्याच्या तिजोरीला चावी लावणे किंवा लावू न देणे, आणि मंत्र्याला उभे करून जाब विचारणे, ही कामे आमदाराशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. आणि नेमक्या याच कामांबद्दल तो आपल्याला सर्वांत कमी सांगतो.

सांगण्यासारखे काहीच नसते, असेही नाही. तारांकित प्रश्नोत्तरांची (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची) यादी एकदा वाचायला घ्यावी, त्यात मोठा रस आहे. प्रश्नाची भाषा वर्षानुवर्षे ठरलेली. अमुक तालुक्यात अमुक योजना रखडली आहे, 'हे खरे आहे काय'. असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली. 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तराचा साचाही पक्का. 'हे अंशत: खरे आहे.' 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे.' आणि सर्वांत लाडके उत्तर म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही.' ज्या गावाला तीन उन्हाळे टँकर लागतो, त्याच्या पाणीपुरवठा योजनेच्या विलंबाबद्दल मंत्रालयाने 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहून दिले असेल, तर त्या गावाला ते कळायला नको? त्या उत्तराची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, तर पुढच्या ग्रामसभेत योजनेचा अभियंता कसा बोलेल याची कल्पना करा. उत्तर खोटे असेल तर ते खोटे आहे हे सांगू शकणारी माणसे मुंबई-नागपुरात बसलेली नसतात, त्या गावातच राहत असतात. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. पण आश्वासन दिले गेले होते हेच ज्यांच्यासाठी दिले त्यांना माहीत नसेल, तर समितीला आठवण कोण करून देणार?

हे कागद गुप्त नाहीत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे असतात, विधेयके असतात, कामकाजाचे थेट प्रक्षेपणही होते. पण 'संकेतस्थळावर आहे' हे उत्तर मला पटत नाही. आपल्या तालुक्याशी संबंध असलेला एक प्रश्न त्या ढिगातून शोधून काढणे हे सवयीच्या पत्रकारालाही जिकिरीचे जाते. शिवाय एकेका प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात, त्यांतला खरा कोणाचा हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. अधिवेशन संपताना अध्यक्ष किती तास काम झाले, किती प्रश्न आले, किती स्वीकारले, किती लक्षवेधींवर (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या सूचनांवर) चर्चा झाली, हे वाचून दाखवतात. सदस्यांची जास्तीत जास्त उपस्थिती इतके टक्के, सरासरी उपस्थिती इतके टक्के, हेही सांगतात. कोणाची किती, हे त्या निवेदनात नसते. वर्गाचा सरासरी निकाल जाहीर करावा आणि कोणाच्याही घरी प्रगतिपुस्तक पाठवू नये, असा हा कारभार आहे. मुंबईच्या ३६ आमदारांच्या कामाचे मूल्यमापन प्रजा फाउंडेशन ही संस्था बरीच वर्षे प्रसिद्ध करते. त्याच्या पद्धतीबद्दल वाद होतात, आमदार चिडतात, पण निदान चर्चा तरी होते. गडचिरोलीच्या किंवा जतच्या मतदारासाठी असे कोण करणार?

माहिती न मिळण्याची किंमत फक्त तत्त्वाची नसते, रोख पैशांत मोजावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. बहुतेकांना ते कळले मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलापाशी. आता यातली गंमत अशी की जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. साध्या कागदावर चालते. तरीही दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाच्या गडबडीत सापडलेले पालक तहसील कचेरीबाहेर रांग लावून मुद्रांक विकत घेत आले. पूर्वी शंभर जात होते, मग पाचशे जाऊ लागले. वीस वर्षे लागू असलेली सवलत लोकांपर्यंत पोचवायला कुठल्याही आमदाराला निधी लागला नसता. दहावीच्या गुणवंतांच्या अभिनंदनाचा जो फ्लेक्स लावला जातो, त्याच्याच खाली एक ओळ छापली असती तरी पुरले असते.

दुसरे उदाहरण जमिनीचे. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी सभागृहात जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याबाबत घोषणा केली. गुंठा-दोन गुंठे घेऊन बसलेल्या लाखो कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा हा विषय. कायदा मूळ १९४७ चा, आणि त्यामुळे अडलेल्या खरेदीखतांची संख्या अफाट. घोषणा झाली की मोबाइलवर 'तुकडेबंदी उठली' एवढेच फिरते. आता मंत्र्याची घोषणा वेगळी, अध्यादेश वेगळा, विधेयक वेगळे, राज्यपालांच्या सहीने झालेला अधिनियम वेगळा, त्याखालचे नियम वेगळे, आणि तलाठ्याच्या हातात पडणारे परिपत्रक आणखी वेगळे. शेतकऱ्याला विचारायचे असते ते सरळ असते: माझ्या दोन गुंठ्यांची नोंद आज होईल का, कोणत्या तारखेपर्यंतचे व्यवहार धरणार, शेतीच्या पट्ट्यात चालेल का? हे सांगण्याची जबाबदारी कोणाची? आज ते दलाल सांगतो, आणि सांगण्याचे पैसे घेतो. घोषणा झाली तेव्हा बाक वाजवणारे सदस्य मतदारसंघात परतल्यावर एवढे समजावून सांगू शकले तर निम्मी दलाली तिथेच बसेल.

शक्ती कायद्याची कथा तर आणखी बोलकी आहे. स्त्रियांवरील अत्याचारांच्या खटल्यांसाठी आणलेले हे विधेयक संयुक्त समितीकडे जाऊन आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. अभिनंदनाचे फलक लागले, सत्कार झाले. पुढे राष्ट्रपतींच्या मंजुरीशिवाय ते अडकले आणि वर्षानुवर्षे अमलात आले नाही. आजही चारचौघांत विचारा, 'शक्ती कायदा झाला ना?' असेच ऐकू येईल. मंजुरीचा सत्कार स्वीकारणाऱ्यांपैकी कितीजणांनी मतदारसंघात येऊन सांगितले की बाई, तो कायदा अजून झालेला नाही? चांगली बातमी आपल्या नावावर आणि रखडलेली बातमी कोणाच्याच नावावर नाही, ही सवय सर्व पक्षांची आहे. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना २०२४ च्या पावसाळ्यात जे मंडप दिसले, ते २०२५ मध्ये निकषांची छाननी आणि ई-केवायसी सुरू झाल्यावर तेवढ्या उत्साहाने दिसले नाहीत, यात नवल वाटायचे कारण नाही.

आता मतदानाचा प्रश्न. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'चे बहुमत, असे अध्यक्ष म्हणतात आणि पुढचे विधेयक पुकारले जाते. पोल, म्हणजे मतविभागणी, मागितला नाही तर कोणी कुठल्या बाजूने आवाज दिला याची नावानिशी नोंद राहत नाही. नक्षलवादी संघटनांवर कारवाईसाठी म्हणून आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचेच पाहा. ते संयुक्त समितीकडे गेले, लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या, १२ हजारांहून जास्त आल्या. हा आकडाच सांगतो की लोकांना अशा बाबतीत बोलायचे असते, विचारले तर ते लिहितात. जुलै २०२५ मध्ये विधेयक आवाजी मतदानाने विधानसभेत मंजूर झाले. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी उघड विरोध केला, त्यांची भूमिका सर्वांना कळली. बाकी सदस्यांपैकी ज्यांनी पाठिंबा दिला त्यांची त्यामागे कारणे असतील, ज्यांना शंका होत्या त्यांच्याही असतील. कायदा बरा की वाईट, हा वाद इथे बाजूला ठेवू. ज्याने सूचना पाठवली, त्याला आपल्या आमदाराचे मत कळण्याचा मार्ग कोणता, एवढेच विचारायचे आहे.

यावर ठरलेले उत्तर येते ते व्हिपचे. पक्षादेश निघाला की आमदाराच्या मताला अर्थ उरत नाही, वेगळे मत दिले तर १९८५ च्या पक्षांतरबंदीखाली आमदारकी जाते, मग त्याने मतदारांना काय सांगायचे? हे उत्तर अर्धे खरे आहे. व्हिप मतदानाला लागू असतो. प्रश्न विचारणे, लक्षवेधी देणे, विधेयकावर दुरुस्ती सुचवणे, समितीत कागद मागणे यांना कोणी बांधून ठेवलेले नाही. आणि समजा मत पक्षाचेच आहे, तर ते पक्षाचे आहे एवढे तरी सांगावे. आपला आमदार कुठल्या विषयात स्वतःच्या बुद्धीने वागतो आणि कुठे आदेशाने, हे कळले तर मतदार पुढच्या वेळी पक्षालाही प्रश्न विचारेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो आमदार खासगीत पोटतिडकीने मांडतात. लोकांना यात काही रस नसतो, असे ते म्हणतात. सकाळी सातपासून दारात शंभर माणसे बसलेली असतात. कोणाला बदली हवी, कोणाला पोलीस ठाण्यात फोन हवा, कोणाला दवाखान्याचे बिल कमी करून हवे. लग्न, दशक्रिया, वास्तुशांत, क्रिकेटचे सामने यांना गेले नाही तर 'साहेब बदलले' अशी बोंब. अधिवेशनात तीन आठवडे बसलो तर मतदारसंघात विरोधक फिरतात. आणि तुम्ही म्हणता लक्षवेधीचा तपशील सांगा!

या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दारातली शंभर माणसे येतात कशामुळे? दाखला किती दिवसांत मिळायला हवा आणि न मिळाल्यास अपील कुठे करायचे, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात आहे. ते माहीत असलेला माणूस चिठ्ठी मागायला येणार नाही. ज्याला माहिती नसते त्याला ओळख लागते, आणि ओळखीवर मिळालेली गोष्ट उपकार वाटते. उपकाराची परतफेड मतपेटीत होते, हे गणित आमदारांना कळत नाही असे मानण्याइतका मी भाबडा नाही. रस नसण्याचे कारण लोकांपेक्षा या व्यवहारात जास्त आहे. लोकांना रस असतो तेव्हा काय होते याचे उदाहरण याच सभागृहातले आहे. गर्भलिंग चाचणीविरुद्ध मृणाल गोरे यांनी अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचे) विधेयक आणले, बाहेर स्त्रीसंघटना आणि डॉक्टर मोहीम चालवत होते, आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य ठरले. नळाच्या पाण्यासाठी मोर्चे काढून 'पाणीवाली बाई' झालेल्या या बाईंना स्थानिक प्रश्न आणि कायदा यांत कधी निवड करावी लागली नाही.

मतदारसंघ फार मोठे आहेत, हे म्हणणेही ऐकू येते. गोव्यात ४० मतदारसंघ आहेत आणि सरासरी तीसएक हजार मतदार. आमदार जवळजवळ प्रत्येक घर ओळखतो. तरीही नगरनियोजन कायद्यात २०२३-२४ मध्ये घातलेल्या १७(२) आणि ३९ए या कलमांचा अर्थ, म्हणजे शेत आणि डोंगर यांचे झोन बदलण्याची वाट कशी मोकळी होते, हे गावांना समजावले ते मुख्यतः आंदोलकांनी. आकार लहान असला की भेट सोपी होते, जबाबदारी आपोआप येत नाही. उलट अमेरिकेत न्यू जर्सीच्या एडिसनसारख्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पेटीत राज्याच्या प्रतिनिधीचे पत्रक येऊन पडते: कोणते विधेयक मांडले, मालमत्ता करातली सवलत कशी मागायची, सभा कुठे आहे. त्यात आत्मस्तुतीही भरपूर असते, काही आदर्श वगैरे नव्हे. पण तिथे नावानिशी मतदानाची नोंद राहते, त्यामुळे पत्रकात थापा मारणे अवघड जाते. दोन गोष्टी जोडीने लागतात. नुसते पत्रक सक्तीचे केले तर आपल्याकडे आणखी एक गुळगुळीत पुस्तिका निघेल, तीही सरकारी खर्चाने.

म्हणून मागणी करायची तर नेमकी करावी. प्रत्येक अधिवेशनानंतर, म्हणजे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचे हिवाळी, विधानमंडळ सचिवालयाने प्रत्येक सदस्याचे दोन पानी विवरण काढावे. आमदाराने नव्हे, सचिवालयाने. त्यात उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे, विधेयकांवरची भाषणे, मतदारसंघाबाबत मंत्र्यांनी दिलेली आश्वासने आणि त्यांची सद्यःस्थिती. फोटो नाही, पक्षाचे चिन्ह नाही, 'कार्यसम्राट' नाही. ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लागावे. आमदाराच्या स्वीय सहायकाचा पगार सरकारी तिजोरीतून होतोच, तेव्हा चिकटवायला माणूस नाही ही सबब चालणार नाही. आणि विवरण लागल्यावर महिनाभरात मतदारसंघातल्या प्रत्येक तालुक्यात एक खुली सभा, जिथे आमदार बोलेल कमी आणि लोक विचारतील जास्त. महत्त्वाच्या विधेयकांवर नावानिशी मतदान घ्यावे, यासाठी नियमात बदल करावा लागेल. तो करण्याचा अधिकार सभागृहाचा स्वतःचाच आहे, दिल्लीला विचारावे लागत नाही.

जनता दरबार भरतात, मग ही सभा कशाला, असे कोणी म्हणेल. दरबारात अर्ज घेऊन जायचे असते, देणारा वर बसलेला असतो. ग्रामसभेत सरपंच खुर्चीत असला तरी कायद्याने त्याला उत्तर देणे भाग असते. मला आमदारासाठी ही दुसरी जागा हवी आहे. तिथे गोंधळ होईल, विरोधक माणसे पेरतील, कोणी सातबाऱ्याचे भांडण घेऊन उभा राहील. ग्रामसभेत तरी दुसरे काय होते? तरी सरपंच टिकतात, आणि त्यांतले काही पुढे आमदारही होतात.

हा नियम व्हावा असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक रस्ता सध्याच्याच नियमांत आहे. विधिमंडळाला विनंती अर्ज करण्याची सोय आहे, त्यासाठी स्वतंत्र विनंती अर्ज समिती आहे. साध्या नागरिकाला असा अर्ज देता येतो, फक्त तो सभागृहात एखाद्या सदस्यामार्फत यावा लागतो. मजकूर तयार करणे सोपे आहे. येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराच्या संपर्क कार्यालयात तो घेऊन जावे, दोन प्रती न्याव्यात, एकीवर पोच घ्यावी, आणि साहेब सभागृहात तो मांडणार का ते तारीख घालून लेखी मागावे.